चेकडिस्क चालवल्यावर गायब झालेली उधारीची फाइल: कुठे शोधायची, कोणत्या क्रमाने

प्रश्न थोडक्यात असा: नागपुरात इतवारीला किराण्याचं ठोक दुकान. हिशेब १ टीबीच्या अडीच इंची बाहेरच्या हार्ड डिस्कवर. दुपारी काम चालू असताना लाइन गेली. परत आल्यावर डिस्क लावली तर विंडोजने 'या ड्राइव्हमध्ये बिघाड आहे, स्कॅन अँड फिक्स करा' असं सांगितलं. ते केलं, अर्ध्या तासाने 'दुरुस्ती झाली' असं आलं. पण २०१९ पासूनच्या उधारीची एक्सेल फाइल आणि टॅलीचा कंपनी फोल्डर दोन्ही दिसत नाहीत. डिस्कवर मोकळी जागा मात्र वाढलेली दिसते. काय करावं?

आत्ता या क्षणी एकच काम आहे. डिस्क सेफली रिमूव्ह करून केबल काढा आणि बाजूला ठेवा. 'पुन्हा एकदा स्कॅन करून पाहू' हे करू नका. रिकव्हरीचं सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर उतरवून घेऊ नका. सापडलेली फाइल त्याच डिस्कवर सेव्ह करू नका. डिस्क नुसती विंडोजला जोडून ठेवली तरी अँटिव्हायरस, सर्च इंडेक्स आणि सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन हा फोल्डर तिच्यावर थोडंथोडं लिहीत राहतात. तुमची फाइल जिथे पडून आहे ती जागा आता विंडोजच्या लेखी रिकामी आहे. वाढलेली मोकळी जागा तेच सांगते.

'दुरुस्ती झाली' या शब्दांचा अर्थ इथे वेगळा आहे. स्कॅन अँड फिक्सच्या मागे चेकडिस्क हे विंडोजचं डिस्क तपासणारं साधन काम करतं, आणि चेकडिस्कला फायलींशी देणंघेणं नसतं. फाइल सिस्टिमच्या, म्हणजे डिस्कवर फायली मांडण्याच्या पद्धतीच्या, नोंदी एकमेकींशी जुळल्या पाहिजेत, एवढंच ते बघतं. एनटीएफएस (विंडोजची नेहमीची फाइल सिस्टिम) डिस्कवर प्रत्येक फाइलची एक नोंद मास्टर फाइल टेबलमध्ये असते, साधारण १०२४ बाइटची. नाव, तारीख आणि मजकूर कोणत्या क्लस्टरमध्ये (डिस्कवरच्या जागेच्या ठरावीक मापाच्या तुकड्यात) आहे त्याचा पत्ता त्या नोंदीत असतो. शिवाय फोल्डरची स्वतःची एक यादी असते. लाइन गेली तेव्हा यातलं काही अर्धवट लिहिलं गेलं असेल, तर चेकडिस्क न जुळणारी नोंद काढून टाकतं आणि तिचे क्लस्टर मोकळे करतं. मजकूर पुसत नाही. सातबाऱ्यावरचं नाव गेलं तरी शेत जागेवरच असतं, तसं हे आहे. पण त्या शेतात उद्या दुसऱ्याने नांगर घातला तर परत मिळणार नाही. आणि चेकडिस्कला मागे घेण्याची सोय नाही.

म्हणून पहिली शोधाशोध 'फाउंड' नावाच्या फोल्डरमध्ये. तेवढ्यापुरती डिस्क पुन्हा जोडा, तिच्यावर काही लिहू मात्र नका. चेकडिस्कला ज्या फायलींचा मूळ फोल्डर सापडत नाही, त्या तो डिस्कच्या मुळाशी 'फाउंड.०००' असा फोल्डर करून त्यात टाकतो. दुसऱ्यांदा चालवलं असेल तर 'फाउंड.००१'. बहुतेकांना तो दिसतच नाही, कारण तो नुसता लपवलेला नसतो, त्याला सिस्टिमचाही शिक्का असतो. फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यू मेनूतून 'हिडन आयटम्स' चालू करून भागत नाही. फोल्डर ऑप्शन्समध्ये जाऊन 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स' यापुढची खूणही काढावी लागते. मग फोल्डर दिसेल. उघडताना 'अ‍ॅक्सेस डिनाइड' आलं तर परवानग्या बदलत बसू नका, तेही डिस्कवर लिहिणंच आहे. खाली सांगितलेली इमेज, म्हणजे डिस्कची हुबेहूब नक्कल, काढून तिच्यातून तो वाचा.

आत दोन प्रकारच्या गोष्टी असतात. 'डीआयआर००००.सीएचके' अशा नावाचे फोल्डर आणि 'फाइल००००.सीएचके' अशा नावाच्या फायली. आधी फोल्डर बघा. तिथे नाव फक्त वरच्या फोल्डरचं गेलेलं असतं, आतल्या फायलींची नावं बहुधा शाबूत असतात. टॅलीचा कंपनी फोल्डर हा आकड्यांच्या नावाचा असतो, १०००० सारखा. आतल्या फायलींचं एक्स्टेंशन टॅली ईआरपी ९ मध्ये ९००, तर टॅली प्राइमच्या ३.० आवृत्तीपासून १८०० असतं. कुठल्या डीआयआर फोल्डरमध्ये अशा फायलींचा जथा दिसला की तोच तुमचा कंपनी फोल्डर. तो दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा, नाव पुन्हा आकड्यांचं करा आणि टॅलीचा डेटा पाथ तिथे वळवा. उघडताना चूक दाखवली तर टॅलीतली रिपेअरची सोय वापरा, पण आधी त्या फोल्डरची आणखी एक कॉपी करून मगच.

सीएचके फायलींवर मूळ नाव नसतं, मूळ एक्स्टेंशनही नसतं. पण प्रत्येक फाइल आपली ओळख पहिल्या काही बाइटमध्ये सांगते. एचएक्सडी हा फुकट मिळणारा हेक्स एडिटर (फाइलचे बाइट जसेच्या तसे दाखवणारं सॉफ्टवेअर) घ्या आणि फाइलची कॉपी त्यात उघडा. उजव्या रकान्यात सुरुवातीला 'पीके' ही दोन इंग्रजी अक्षरं दिसली तर ती एक्सेल, वर्ड, पॉवरपॉइंट किंवा साधी झिप. '%पीडीएफ' दिसलं तर पीडीएफ. डावीकडे 'एफएफ डी८ एफएफ' असेल तर जेपीईजी फोटो. 'डी० सीएफ ११ ई०' असेल तर २००७ च्या आधीच्या पद्धतीची एक्सेल किंवा वर्ड फाइल. फायली शेकड्यांनी असतील तर एकेक उघडत बसू नका, ट्रिड नावाचं छोटं सॉफ्टवेअर सगळ्या ओळखून एक्स्टेंशन लावून देतं. पीकेवाल्यातली नेमकी एक्सेल कोणती हे कळायला ती ७-झिपने उघडा. आत 'एक्सएल' नावाचा फोल्डर असेल तर एक्सेल, 'वर्ड' असेल तर वर्ड.

इथे अडणारी एक गोष्ट आहे. एफएटी३२ किंवा एक्सफॅट (एनटीएफएसपेक्षा साध्या फाइल सिस्टिम) पेनड्राइव्हवरून आलेली सीएचके फाइल पूर्ण क्लस्टरच्या मापाची असते, म्हणजे खऱ्या फाइलच्या शेवटी थोडा कचरा चिकटलेला असतो. पीडीएफ आणि फोटो बहुधा तरीही उघडतात, एक्सेल मात्र तक्रार करू शकतं. तेव्हा एचएक्सडीत शेवटून मागे शोधत जा. हेक्समध्ये '५० ४बी ०५ ०६' सापडेल. त्या ५० पासून मोजून २२ बाइट ठेवा, त्यानंतरचं सगळं कापून टाका आणि नव्या नावाने सेव्ह करा. झिपच्या शेवटच्या नोंदीची लांबी तेवढीच असते. एवढ्याने फाइल सरळ उघडल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत.

फाउंड फोल्डरच नाही, किंवा त्यात आपलं काही नाही, असं झालं तर चेकडिस्कने नक्की काय केलं ते त्याच्याच तोंडून ऐका. ज्या संगणकावर स्कॅन केलं तिथे इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्ज, मग अ‍ॅप्लिकेशन. 'चेकडिस्क' या सोर्सची २६२१४ क्रमांकाची नोंद बघा. स्कॅन संगणक सुरू होताना झालं असेल तर सोर्स 'विनइनिट', क्रमांक १००१. त्या नोंदीत पूर्ण अहवाल असतो. 'रिकव्हरिंग ऑर्फन्ड फाइल' असं म्हणून फाइलचं नाव आलं असेल तर ती जिवंत आहे, फक्त पुन्हा एखाद्या फोल्डरमध्ये बसवली आहे. नावाने सर्च करा. 'डिलीटिंग इंडेक्स एन्ट्री' म्हणजे फोल्डरच्या यादीतली ओळ काढली. यात नाव तरी कळतं. 'डिलीटिंग करप्ट फाइल रेकॉर्ड सेगमेंट' ही सगळ्यांत वाईट ओळ. पूर्ण नोंदच गेली, नाव परत मिळण्याची आशा कमी, मजकुराची मात्र अजून आहे. 'रिप्लेस्ड बॅड क्लस्टर्स इन फाइल' अशी ओळ दिसली तर डिस्क स्वतःच आजारी आहे आणि त्या फाइलचा तेवढा तुकडा गेलेला आहे.

आता मुख्य काम, इमेज. डिस्कची सेक्टर-न्-सेक्टर (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा वाचण्या-लिहिण्याचा सगळ्यांत छोटा तुकडा) नक्कल काढायची आणि पुढचं सगळं त्या नकलेवर करायचं. लोक हीच पायरी गाळतात, आणि ज्यांचा डाटा कायमचा जातो त्यांतले बरेचसे इथेच घसरलेले असतात. १ टीबीच्या डिस्कची इमेज १ टीबीचीच होते, आत माल कितीही कमी असो, म्हणून २ टीबीची नवी डिस्क आणा, एनटीएफएस फॉरमॅटमधली. एफएटी३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही.

त्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फोने डिस्कची तब्येत बघा. ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळींचे आकडे शून्य असावेत. सी५ म्हणजे वाचता न आलेले, निकालाची वाट बघणारे सेक्टर. तो आकडा शून्याच्या वर असेल तर विंडोजमध्ये काहीच करू नका, थेट लिनक्सवर जा. सी७ वाढलेला असेल तर बहुधा केबल किंवा जोडणी खराब. डिस्कमधून टकटक असा एकसुरी आवाज येत असेल तर मात्र इथेच थांबा. ती बंद करा आणि स्वच्छ कक्ष असलेल्या लॅबकडे न्या. फ्रीजमध्ये ठेवणं, ठोकणं, घरी उघडणं यातलं काहीही नाही.

डिस्क धडधाकट असेल तर इमेज डीएमडीई या सॉफ्टवेअरने विंडोजमध्येही काढता येते. माझा कौल तरी सिस्टिमरेस्क्यू या लिनक्स पेनड्राइव्हला. त्यात डीडीरेस्क्यू (इमेज काढणारं), टेस्टडिस्क (पार्टिशन शोधणारं) आणि फोटोरेक (फायली शोधणारं) तिन्ही तयार असतात आणि लिनक्स आपणहून जुन्या डिस्कवर काही लिहीत नाही, फक्त ती माउंट करू नका, म्हणजे फोल्डर बघायला उघडू नका. आधी एलएसबीएलके या कमांडने डिस्कची यादी काढून कोणती जुनी आणि कोणती नवी हे माप आणि मॉडेल बघून कागदावर लिहा. स्रोत आणि ठिकाण उलटं पडलं तर जुन्या डिस्कवर नवी कोरी डिस्क उमटते. डीडीरेस्क्यूची पहिली फेरी 'डी' आणि 'एन' हे पर्याय देऊन चालवा: जे सहज वाचता येतं ते आधी उचलतं, खराब भागाला खरवडत नाही. दुसरी फेरी 'आर३' देऊन, म्हणजे उरलेल्या सेक्टरवर तीनदा प्रयत्न. दोन्ही वेळा मॅप फाइल (किती वाचून झालं याची नोंद) तीच द्या. लाइन पुन्हा गेली तर काम जिथे थांबलं तिथूनच पुढे सुरू होतं, ते या मॅप फाइलमुळेच. ती इमेजच्या शेजारी नव्या डिस्कवर ठेवा. पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या लिनक्सच्या मेमरीत ठेवली तर लाइन जाताच तीही जाईल.

वेळ किती? चांगली डिस्क सेकंदाला १०० एमबी देत असेल तर १ टीबीला पावणेतीन तास. यूएसबी २.० च्या पोर्टला सेकंदाला ३० एमबीच्या आसपास मिळतं, मग नऊ तास धरा. म्हणून मागचा निळा, यूएसबी ३.० चा पोर्ट वापरा. अडीच इंची डिस्क पोर्टमधूनच वीज घेते. यूएसबी २.० ला ५०० मिलिअँपिअरची मर्यादा आहे, ३.० ला ९००. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला लांब, बारीक केबलने डिस्क लावली की ती मधेच सुटते, आणि कधीकधी मूळ बिघाडही याच कारणाने झालेला असतो. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ च्या पुढे असताना नऊ तास सतत वाचन म्हणजे डिस्कची परीक्षाच. हे काम रात्री लावा, डिस्क उघड्या जागी पंख्याखाली ठेवा, कूलरच्या ओल्या झोतात नको. तापमान ५५ च्या वर गेलं तर थांबवून निवू द्या. संगणक यूपीएसवर हवा.

इमेज तयार झाली की जुनी डिस्क कपाटात. विंडोजवर डीएमडीईमध्ये इमेज उघडा, पार्टिशन निवडा आणि फुल स्कॅन करा. मास्टर फाइल टेबलमधल्या जुन्या, वापरातून काढलेल्या नोंदीही ते वाचतं आणि जुनं झाड पुन्हा उभं करून दाखवतं, नावं आणि फोल्डरांसकट. टॅलीसाठी हाच मार्ग खरा. टॅलीच्या फायली वर्षभर वाढत जातात, त्यामुळे डिस्कवर तुकड्यातुकड्यांत विखुरलेल्या असतात. नोंद असेल तरच ते तुकडे क्रमाने जोडता येतात. डीएमडीईच्या फुकट आवृत्तीत एका वेळी एका फोल्डरमधल्या ४००० फायली काढता येतात. एका कंपनी फोल्डरला तेवढं खूप झालं.

एक्सेलची नोंदही गेलेली असेल तर फोटोरेक. ते नोंदी बघतच नाही, सरळ क्लस्टर वाचत जातं आणि ओळखीची सुरुवात दिसली की फाइल उचलतं. त्याच्या 'फाइल ऑप्ट' या मेनूत सगळे प्रकार बंद करून फक्त 'झिप' चालू ठेवा, नव्या पद्धतीच्या एक्सेल फायली त्यातच येतात. जुन्या एक्सएलएससाठी 'डॉक'. सगळं चालू ठेवलं तर हजारो फोटो आणि तुकड्यांत तुमची एक फाइल शोधताना डोळे जातील. बाहेर येणाऱ्या फायलींना नावं नसतात, फक्त 'एफ' आणि आकडे. आकार बघून लावा, आणि एक्सप्लोररच्या सर्चमध्ये एखाद्या जुन्या गिऱ्हाइकाचं नाव टाकून फायलीच्या आत शोधा.

एक्सेलच्या बाबतीत एक गोष्ट तुमच्या बाजूने आहे. आपण सेव्ह दाबतो तेव्हा एक्सेल जुन्या फायलीवर लिहीत नाही. शेजारी एक तात्पुरती फाइल पूर्ण लिहितं, मग जुनी काढून नवीला तिचं नाव देतं. म्हणजे उधारीची फाइल रोज सेव्ह होत असेल तर तिच्या कालच्या, परवाच्या, महिनाभरापूर्वीच्या प्रती मोकळ्या जागेत विखुरलेल्या असू शकतात. फोटोरेकने एकाच फाइलच्या आठ-दहा आवृत्त्या बाहेर काढल्या तर गोंधळू नका. उघडून शेवटच्या नोंदीची तारीख बघा आणि सगळ्यांत नवी, धड उघडणारी निवडा. 'टिल्ड-डॉलर' चिन्हांनी सुरू होणारी १६५ बाइटची फाइल मात्र नुसतं कुलूप आहे, तिच्यात हिशेब नसतो.

अर्धवट फाइलही लगेच टाकून देऊ नका. एक्सएलएसएक्स ही आतून झिप आहे. आकडे 'शीट१.एक्सएमएल' मध्ये असतात आणि गिऱ्हाइकांची नावं वेगळ्या 'शेअर्डस्ट्रिंग्ज.एक्सएमएल' मध्ये. विनरारच्या रिपेअरने किंवा ७-झिपने यातलं जे निघेल ते काढा. नुसते आकडे निघाले आणि नावं गेली, तरी मागच्या महिन्याच्या प्रतीशेजारी ठेवून ओळीच्या क्रमाने नावं बसवता येतात.

काय परत येणार नाही तेही आत्ताच माहीत असू द्या. फाइल नावासकट, बरोबर आकाराची मिळाली, पण एचएक्सडीत पहिल्यापासून शेवटपर्यंत ०० ०० ०० दिसतं, तर त्या फायलीत काहीही नाही. एनटीएफएस लाइन गेल्यावर आपल्या नोंदी सावरतं, मजकूर सावरत नाही. नोंद लिहिली गेली आणि मजकूर मेमरीतच राहिला, असं झालेलं असतं. एसएसडी असेल तर कारण ट्रिमही असू शकतं. मोकळ्या झालेल्या जागेची वर्दी एसएसडीला मिळाली की ती जागा आतून रिकामी केली जाते. विंडोज दर आठवड्याला आपोआप ही वर्दी पुन्हा देतं, म्हणून एसएसडीवर असं झालं तर सगळ्यांत आधी 'ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज' मधलं वेळापत्रक बंद करा. काही नव्या अडीच इंची हार्ड डिस्कही एसएमआर (माग एकमेकांवर थोडे चढवून लिहिणाऱ्या) पद्धतीच्या असतात आणि ट्रिम पाळतात, म्हणून तुमच्या डिस्कबद्दलही गाफील राहू नका. शून्यांनी भरलेली फाइल 'रिपेअर करून देतो' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

हे सगळं घरी जमणार नसेल आणि डिस्क सीताबर्डीत दुकानात द्यायची असेल, तर आत देण्यापूर्वी विचारा: आधी इमेज काढणार का, की थेट माझ्याच डिस्कवर काम करणार? सापडलेल्या फायलींची यादी आणि निदान दोन फायली उघडून पैसे देण्याआधी दाखवणार का? 'फॉरमॅट मारून मग काढतो' असं उत्तर आलं तर डिस्क परत घेऊन निघा. फॉरमॅट केल्याने रिकव्हरी सोपी होत नाही, कधीच.

इमेज निघत असेल त्या वेळात बाहेरच्या प्रती गोळा करा. जीएसटीसाठी सीएला पाठवलेला टॅलीचा बॅकअप, मेलमधल्या अटॅचमेंट, व्हॉट्सअ‍ॅपवर मुनीमजींना पाठवलेली एक्सेल, आणि एक्सेलचा ऑटोरिकव्हर फोल्डर. हा शेवटचा तुमच्या संगणकाच्या सी ड्राइव्हवर, अ‍ॅपडेटा, रोमिंग, मायक्रोसॉफ्ट, एक्सेल या वाटेवर असतो, बिघडलेल्या डिस्कवर नाही. एक्सेल दर १० मिनिटांनी तिथे प्रत ठेवतं. लाइन गेली तेव्हा फाइल उघडी होती, त्यामुळे इथे काहीतरी मिळण्याची शक्यता चांगली आहे. तिथे जे असेल ते एक्सेल उघडण्याआधी दुसरीकडे कॉपी करा, कारण एक्सेल बंद होताना तो फोल्डर साफ करू शकतं.

फाइल मिळाली की नुसती उघडते म्हणून कामाला लावू नका. सात-आठ मोठ्या गिऱ्हाइकांची बाकी त्यांच्या बिलबुकाशी ताडून बघा, खालची एकूण बेरीज टॅलीतल्या येणे बाकीशी जुळते का ते बघा, आणि लाइन गेली त्या दिवसाच्या नोंदी चिठ्ठ्यांवरून पुन्हा घाला. जुनी डिस्क आणि इमेज दोन्ही यंदाचं ऑडिट होईपर्यंत तशाच ठेवा. एखादी राहून गेलेली फाइल तीन महिन्यांनी आठवते, तेव्हा ती त्या इमेजमध्येच सापडते.